दहा दिवसांचे पाहुणे, पंधरा आठवड्यांची संगत

अमेरिकेतल्या चर्चमधून दरवर्षी माणसांचे जथे आठ-पंधरा दिवसांसाठी परदेशी जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५च्या पाहणीवरून बांधलेला अंदाज वर्षाला सुमारे १६ लाख माणसांचा होता. पूर्वी या मंडळींचं काम ठरलेलं असे: शाळेची भिंत उभी करायची, औषधं वाटायची, मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. गेल्या दोन-तीन दशकांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे, ते म्हणजे धंदा शिकवणं. कुणी हिशेबनीस, कुणी विमा एजंट, कुणी बांधकाम व्यावसायिक अशी दहा-बारा माणसं केनिया, होंडुरास किंवा फिलिपाइन्समधल्या एखाद्या गावी उतरतात. तिथल्या चर्चच्या सभागृहात टपरीवाले, शिंपी, भाजीवाल्या, कोंबड्या पाळणारे यांना जमवतात आणि जमाखर्च कसा ठेवावा, किंमत कशी ठरवावी, शिल्लक कशी टाकावी हे शिकवतात. धड्याला बायबलचा एखादा उतारा जोडलेला असतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला दृष्टांत यासाठी फार सोयीचा. धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे पैसा सोपवतो. दोघं व्यापार करून तो दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. २००४ साली थायलंडमधल्या पट्टाया इथे धर्मप्रसाराला वाहिलेल्या लोझान या ख्रिस्ती चळवळीची आंतरराष्ट्रीय बैठक भरली, तेव्हा 'धंदा हेच मिशन' या विचारावर एक स्वतंत्र गट बसला होता. आज या विचाराच्या संस्था, पुस्तकं, अभ्यासक्रम असं सगळं उभं आहे.

या कामावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. एका बाजूला ही देवाची सेवा, दुसऱ्या बाजूला हा धर्मांतराचा गळ. दोन्ही बाजू एक प्रश्न मात्र मागे ठेवतात: ज्या बाईला शिकवलं, तिच्या घरात पुढच्या वर्षी चार पैसे जास्त आले का, आणि आले तर कशामुळे? या प्रश्नावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंच काटेकोर संशोधन झालं आहे. ते वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की श्रद्धेने गरिबाच्या मिळकतीत फरक पडू शकतो, पण तो पाडायला शेजारची, रोज दिसणारी माणसं लागतात. पाहुणे कितीही सद्भावनेने आले तरी हे काम त्यांच्या हातून होण्यासारखं नाही.

आधी धंदा कसला, ते जवळून पाहू. फिलिपाइन्सच्या वस्त्यावस्त्यांत 'सारी-सारी' नावाची दुकानं असतात. घराच्या खिडकीला जाळी ठोकून, आत फळ्या मारून केलेलं दुकान. आपल्याकडच्या गल्लीतल्या टपरीचंच भावंड. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या, सिगरेटी सुट्या, तेल आणि व्हिनेगर छोट्या पिशव्यांत बांधलेलं, तांदूळ हवा तेवढा. बहुतेक ठिकाणी दुकान बाईच सांभाळते. घाऊक बाजारातून मोठं पाकीट आणायचं आणि फोडून विकायचं, त्या दोन किमतींमधल्या फरकावर घर चालवायचं. दुकानात एक वही असते, उधारीची. उधारीला तिकडे 'उतांग' म्हणतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला 'सुकी' म्हणतात, आणि सुकीला नाही म्हणता येत नाही. नणंद, चुलत दीर, मुलाचे धर्मपिता, सगळे त्याच गल्लीत राहणारे, त्यांना तर मुळीच नाही. संध्याकाळी घरात तांदूळ संपला की दुकानातलाच घ्यायचा, मुलाच्या वहीचे पैसे गल्ल्यातून द्यायचे. महिन्याच्या शेवटी दुकानाने किती मिळवलं हे तिला सांगता येत नाही. ती हिशेबात कच्ची आहे असं मुळीच नाही. सुट्या पैशांची बेरीज-वजाबाकी ती तुमच्याआमच्यापेक्षा झटक्यात करते. तिची अडचण अशी की घर आणि दुकान यांच्यामध्ये भिंतच नाही, आणि ती भिंत घालायला जे मन घट्ट करावं लागतं ते एकटीने होत नाही.

परदेशातून आलेला हिशेबनीस अशा बाईला ताळेबंद शिकवायला बसतो, आणि इथेच पहिली चूक होते. डॉमिनिकन प्रजासत्ताकात अलेहांद्रो ड्रेक्सलर, ग्रेग फिशर आणि अँटोइनेट शोर या अर्थतज्ज्ञांनी छोट्या व्यावसायिकांचे गट पाडून पाहिले. एका गटाला हिशेबाचं रीतसर शिक्षण, दुसऱ्याला अगदी साधे ठोकताळे: दुकानाचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात, आपला पगार ठरवून घ्यायचा आणि तेवढाच उचलायचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की रीतसर शिक्षणाचा फारसा मागमूस उरला नाही, ठोकताळ्यांनी मात्र लोकांच्या सवयी खरोखर बदलल्या. धंद्याचं शिक्षण एकूणच वाया जातं, असं यावरून म्हणणं चूक ठरेल. जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेंझी यांनी जगभरचे असे प्रयोग एकत्र करून काढलेली सरासरी सांगते की प्रशिक्षणाने विक्री पाचेक टक्के आणि नफा दहाच्या आसपास टक्के वाढतो. हातावर पोट असलेल्याला दहा टक्के काही कमी नाहीत. पण ही सरासरी आहे, आणि तिच्यात निष्फळ ठरलेले वर्गही पुष्कळ आहेत.

याहून बोलका प्रयोग टोगोची राजधानी लोमे इथला. तिथे १५०० छोट्या व्यावसायिकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटणी केली. एकाला नेहमीचं व्यवसाय-प्रशिक्षण, दुसऱ्याला मानसशास्त्रावर आधारलेलं शिक्षण, तिसऱ्याला काहीच नाही. मानसशास्त्राच्या वर्गात पुढाकार घ्यायला, पुढचं पाहायला, अडचण आली तरी न सोडायला शिकवलं जात होतं. दोन्ही वर्गांनंतर प्रशिक्षक काही महिने महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या दुकानी जात राहिले. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात निकाल आला. पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होता. नेहमीच्या प्रशिक्षणाची वाढ ११ टक्क्यांची, आणि तीही योगायोग म्हणून सोडून देता येईल इतकी अनिश्चित. छोट्या धंद्याला हिशेबापेक्षाही उमेद कमी पडते, हे यातून दिसतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. उमेद देण्याचं काम तर जगात धर्म हजारो वर्षं करत आले आहेत. त्यांच्याने मिळकत वाढते का?

हा प्रश्न थेट तपासण्याची हिंमत फिलिपाइन्समध्ये झाली. इंटरनॅशनल केअर मिनिस्ट्रीज ही प्रोटेस्टंट संस्था तिथल्या अतिगरीब कुटुंबांसाठी १५ आठवड्यांचा कार्यक्रम चालवते. स्थानिक पाळक आपल्या परिसरातली सर्वांत हलाखीतली घरं निवडतो आणि आठवड्यातून एकदा बैठक भरते. तिचे तीन भाग: ख्रिस्ती मूल्यं, आरोग्य आणि उपजीविका. अर्थतज्ज्ञ घाराद ब्रायन, जेम्स चोई आणि डीन कार्लन यांनी संस्थेशी ठरवून हे भाग सुटे केले. काही वस्त्यांना तिन्ही भाग, काहींना फक्त आरोग्य आणि उपजीविका, काहींना फक्त मूल्यं, काहींना काहीच नाही. एकूण ३२० वस्त्या आणि सहा हजारांवर कुटुंबं. कुठल्या वस्तीला काय मिळणार हे नशिबावर सोडल्यामुळे मुळात श्रद्धाळू आणि मुळात कष्टाळू माणसं एकाच गटात गोळा होण्याचा धोका टळला. धर्माच्या परिणामाविषयी आजवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक याच धोक्यापाशी अडखळत आलं आहे.

कार्यक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा ज्यांना ख्रिस्ती मूल्यांचा भाग मिळाला होता त्यांची धार्मिकता वाढलेली होती आणि मिळकत ९.२ टक्क्यांनी जास्त होती. धर्मशिक्षणाने पैसा वाढतो असा एवढा काटेकोर पुरावा पूर्वी कुणाच्या हाती नव्हता, आणि मिशन यात्रांचे समर्थक तो अभिमानाने सांगतात. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेला तो शोधनिबंध पुढेही वाचायला हवा. एकूण कामाच्या तासांत, खाण्यापिण्यात, खर्चात, आयुष्याविषयीच्या समाधानात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. उलट, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तुलनेत आपण कुठे आहोत असं विचारल्यावर या कुटुंबांनी, मूल्यांचा भाग न मिळालेल्यांच्या मानाने, स्वतःला खालच्या पायरीवर ठेवलं. माझ्या समजुतीप्रमाणे, ज्याला चांगल्या आयुष्याचं चित्र दाखवलं जातं त्याला आपली आजची जागा जास्त बोचू लागते. चिकाटी वाढल्यामुळे मिळकत वाढली असावी असं संशोधकांनी सुचवलं आहे. हा प्राथमिक अंदाज आहे, पक्का निष्कर्ष नव्हे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आहे. ३० महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर धार्मिकतेच्या तीव्रतेतला फरक विरून गेला होता. खर्च आणि स्वतःच्या स्थानाविषयीची भावना यांत काही सुधारणेची चिन्हं होती, पण पुरावा संमिश्र होता. एक गोष्ट मात्र टिकली. या घरांतली माणसं स्वतःला कॅथॉलिक म्हणवण्याचं प्रमाण घटलं आणि प्रोटेस्टंट म्हणवण्याचं वाढलं. या शेवटच्या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

धर्म आणि सुबत्ता यांची सांगड घालणारं सगळ्यात प्रसिद्ध नाव माक्स वेबर यांचं. प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांवरचे त्यांचे निबंध १९०४-०५मध्ये आले. शंभर वर्षांनी साशा बेकर आणि लुडगर व्योसमान यांनी प्रशियाच्या जुन्या नोंदी तपासल्या. तिथले प्रोटेस्टंट जिल्हे खरोखर सधन होते. पण त्याचं मोठं कारण असं निघालं की प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं या ल्यूथरच्या आग्रहापायी तिथे शाळा निघाल्या आणि माणसं साक्षर झाली. श्रद्धेने दार उघडलं, आत आली ती साक्षरता. आपल्याकडे गळ्यात माळ घातलेला माणूस दारू सोडतो आणि घरात पैसा राहू लागतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्याला समजावून सांगावं लागत नाही. माळ घालताना त्याने विठ्ठलाला शब्द दिलेला असतो. पण गुत्त्याकडे पाऊल वळलं तर ते पाहणारी दिंडीतली माणसं असतात, एकादशीला भजनाला शेजारी बसणारी असतात. निश्चय त्याचा असतो, तो राखायला चार जण लागतात. अहमदाबादच्या सेवा बँकेने आपल्या सभासद बायकांसाठी दोन दिवसांचा व्यवसाय-वर्ग घेतला, त्याच्या अभ्यासात हेच आकड्यांत दिसलं. काहींना एकटीला बोलावलं होतं, काहींना मैत्रिणीला घेऊन यायला सांगितलं होतं. धडे तेच, दिवस तेच. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी धंद्यासाठी कर्ज जास्त प्रमाणात घेतलं होतं आणि त्यांच्या घरची मिळकतही वर गेली होती.

आता दहा दिवसांच्या यात्रेकडे वळू. १९९८ साली मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त केलं, तेव्हा घरं बांधायला उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून गट आले. कॅल्विन महाविद्यालयाचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर त्या घरांत राहणाऱ्यांना आणि घरं बांधून परतलेल्यांना प्रश्न विचारले. एका घराचा खर्च सुमारे २००० डॉलर, आणि एक गट तिथवर येऊन परत जाण्याचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर. पाहुण्यांनी बांधलेल्या घरातल्या आणि स्थानिक गवंड्यांनी बांधलेल्या घरातल्या कुटुंबांच्या आयुष्यात संशोधकाला फरक सापडला नाही. भिंत कुणीही बांधली तरी निदान उभी राहते. धंद्याची शिकवण तशी उभी राहत नाही, तिला रोज कुणीतरी हात द्यावा लागतो, म्हणून घराचा हिशेब इथे आणखी कडक लागू होतो. नैरोबीच्या दांडोरा या गरीब वस्तीत छोटा धंदा करणाऱ्या बायकांवर झालेला प्रयोग याच मुद्द्यावर बोट ठेवतो. एका गटाला वर्गात बसवून व्यवसाय शिकवला, तर दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीची त्याच वस्तीतल्या मुरलेल्या, यशस्वी बाईशी गाठ घालून दिली. वर्गाचा नफ्यावर टिकाऊ परिणाम झाला नाही. जिला शेजारची जाणती मिळाली तिचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. ती जाणती काय सांगत होती? माल स्वस्त कुठे मिळतो, कुठला व्यापारी चढा भाव लावतो, याच गोष्टी. त्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतात आणि ओहायोहून आलेल्या हिशेबनिसाला कळायचा काही मार्ग नसतो.

इथे कुणी म्हणेल, मग परदेशी मिशनने धंदा कधी रुजवलाच नाही का? रुजवला, आणि त्याचा पुरावा कोकणातल्या जुन्या घरांच्या डोक्यावर आहे. ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो त्याचा मंगळूरमधला पहिला कारखाना १८६५ साली बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी काढला. बासेल मिशन ही स्वित्झर्लंडमधली संस्था. तिचे पहिले मिशनरी १८३४ साली मंगळूरला पोहोचले. धंद्यात पडण्याचा त्यांचा मुळात विचार नव्हता. पण ख्रिस्ती होणाऱ्याला जात वाळीत टाकायची, त्याचं घर सुटायचं, परंपरेचं काम जायचं. ताडी काढणाऱ्यांना तर मिशननेच ते काम सोडायला लावलेलं. या माणसांनी खायचं काय, या प्रश्नातून आधी विणकाम आलं, मग कौलं. १८५१च्या सुमारास तिथल्या विणकाम-कारखान्यात योहान हालर यांनी खाकी रंग तयार केला, असं सांगितलं जातं. नेत्रावतीकाठची चिकणमाती, एकात एक अडकणारं जर्मन-फ्रेंच धाटणीचं कौल, आणि गावचे कामगार. ही माणसं दहा दिवसांसाठी आली नव्हती. हेर्मान गुंडर्ट यांचा मल्याळम कोश १८७२चा, आउगुस्ट मॅनर यांचा तुळू कोश १८८६चा, फर्डिनांड किटेल यांचा कन्नड कोश १८९४चा. तिघंही बासेल मिशनचेच. ज्यांनी लोकांची भाषा कोश करण्याइतकी आत्मसात केली, त्यांना त्या लोकांच्या पोटाचा प्रश्न कळला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातमाग वेगवान केला, तोही विणकरांच्या गावात मुक्काम टाकूनच. बासेल मिशनच्या कामात दोष नव्हते असं नाही. कारखान्याची मालकी मिशनकडेच राहिली, कामगार आणि चर्चचा सभासद ही दोन नाती एकत्र गुंतल्याने मालकाला नाही म्हणणं कठीण होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना अटक झाली आणि कारखाने सरकारने काढून घेऊन कॉमनवेल्थ ट्रस्टकडे दिले. तोवर कौलांचं तंत्र मंगळूरकरांच्या हाती आलेलं होतं, स्थानिक कारखानदार आपापली कौलं भाजत होते. मिशनरी गेले तरी धंदा चालू राहिला.

यात्रांच्या बाजूने एक आक्षेप मला वजनदार वाटतो. माणसं स्वतः जाऊन पाहतात म्हणून त्यांचं मन हलतं, आणि मन हललं की पुढे वर्षानुवर्षं पैसा जातो. यात्रा बंद केल्या तर तो पैसा स्थानिक माणसाकडे वळणार नाही, तो दिलाच जाणार नाही. व्हर बीक यांच्या अभ्यासात यालाही फारसा आधार मिळाला नाही. परतलेल्यांच्या दानाच्या सवयीत टिकाऊ बदल सापडला नाही. पण जाऊन पाहण्याचा वेगळा उपयोग झाल्याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचं एक चर्च युक्रेनमधल्या झापोरिझ्झ्या शहरातल्या चर्चला अन्न, कपडे, औषधं कंटेनर भरून पाठवत होतं. काही वर्षांनी तिथल्या पाळकाने सांगितलं, ही मदत आम्हाला पंगू करते आहे. फुकट वस्तू येत असताना स्थानिक कारागिराच्या मालाला गिऱ्हाईक कुठून येणार? जेफ रट हे बांधकाम व्यावसायिक ते ऐकून परतले आणि त्यातून १९९७ साली होप इंटरनॅशनल ही छोट्या कर्जांची संस्था उभी राहिली. सुरुवात डझनभर कर्जदारांपासून झाली. त्या यात्रेचं फळ ऐकून घेण्यातून आलं. शिकवायला गेलेला माणूस शिकून आला, आणि काम तिथल्याच माणसांच्या हाती राहिलं.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा, आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. फिलिपाइन्समध्ये ३० महिन्यांनी टिकलेला फरक पंथाचा होता, हे आकडेच सांगतात. ज्याच्या घरात उद्याच्या तांदळाची शाश्वती नाही, त्याच्यासमोर मदत आणि उपदेश एकाच ताटात वाढले तर त्यातलं एक बाजूला सारण्याचं बळ त्याला कुठून येणार? महाराष्ट्राने हा वाद फार पूर्वी अनुभवला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढलं, तेव्हा रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं त्यांच्या पाठीशी होती. तिथल्या विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे वळवल्या जात आहेत असा गवगवा झाल्यावर १८९३ साली रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की आपण कुणावर सक्ती केली नाही. श्रद्धा लपवून मात्र त्या जगणार नव्हत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका विणकाम, छपाई शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, हे त्यांचे टीकाकारही नाकारू शकत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून मला वाटतं, श्रद्धा सांगायला हरकत नाही, सांगून मोकळं व्हावं, लपवणं जास्त वाईट. पण कर्ज, भांडवल, हिशेबाचा वर्ग यांतली कुठलीही गोष्ट उपासनेला हजर राहण्यावर अवलंबून असता कामा नये. ती तशी असली तर शिकवणाऱ्यालाही कधी कळणार नाही की समोरची बाई ऐकायला आली आहे की तांदळासाठी. आणि श्रद्धा असली की पैसा येतोच, असं सांगणारे प्रचारक आफ्रिकेपासून फिलिपाइन्सपर्यंत गर्दी खेचत आहेत, त्यांच्यापासून तर या कामाने शंभर हात दूर राहावं. कारण त्या शिकवणीप्रमाणे ज्याचं दुकान बुडालं तो पापी ठरतो, आणि ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज त्याच्याच माथी दोष येतो.

तिसरा आक्षेप उलट दिशेचा. टोगोत देवाचं नाव न घेता ३० टक्के मिळाले, मग धर्म हवाच कशाला? नसला तरी चालेल, हे मी मान्य करते. पण लोमेच्या प्रयोगात प्रशिक्षक महिन्यातून एकदा दारी येत होते, आणि प्रयोग संपला की असं येणं थांबतं. दांडोरातही जसजशा त्या जोड्यांच्या भेटी कमी झाल्या तसतसा वाढलेला नफा ओसरत गेला. संशोधकांना पैसे देऊन, वेळापत्रक आखून जी गाठभेट घडवावी लागली, ती चर्चमध्ये दर रविवारी आपसूक घडते, आणि पुढच्या रविवारीही घडणार असते. पूर्व आफ्रिकेतल्या कित्येक चर्चनी याचा फायदा घेऊन बचत गट चालवले आहेत. ही पद्धत मुळात १९९१ साली नायजर देशात केअर या वेगळ्या मदतसंस्थेने बायकांसाठी सुरू केली, आपल्या भिशीची आणि बचत गटाची ती जवळची नातलग. एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. दर आठवड्याला सगळ्यांदेखत पैसे मोजले जातात, प्रत्येकीच्या पुस्तिकेत शिक्का पडतो, शिल्लक मोठ्याने सांगितली जाते आणि सगळ्यांनी ती लक्षात ठेवायची असते, म्हणजे पुढच्या वेळी पेटी उघडताच आकडा पडताळता येतो. लिहिता-वाचता न येणारीही त्यात फसत नाही. नणंदेला उधारी नाकारायची वेळ आली की बाईला सांगता येतं, पैसे पेटीत आहेत, आणि किल्ली माझ्याकडे नाही.

अशा गटाला परदेशातल्या हिशेबनिसाचा उपयोग आहेच, पण त्याने ठोकताळे लिहून द्यावेत, स्थानिक जाणत्या बाईच्या बसभाड्याची आणि बुडालेल्या रोजाची सोय करावी आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे तिच्या फेऱ्यांना लावावेत. जायचंच असेल तर दोन वर्षांसाठी जावं, भाषा शिकून जावं. आणि पेटी जिथे उघडते त्या सभागृहातल्या बाकावर कॅथॉलिक बाई, मुसलमान बाई, कुठेच न जाणारी बाई यांना बसायला जागा असावी, त्यांच्याही पुस्तिकेत तोच शिक्का पडावा, आणि एखादी किल्ली त्यांच्यापैकी कुणाच्या घरी असावी.